स्टोक ब्रुअर्नचा कालवा पायी कसा पाहावा

कालवा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उसाला जाणारं पाटाचं पाणी येतं. इंग्लंडच्या नॉर्दम्प्टनशरमधल्या स्टोक ब्रुअर्न गावाच्या मधोमध जाणारा ग्रँड युनियन कालवा मात्र मालवाहतुकीसाठी खणला. मिडलंड्स (इंग्लंडचा मधला भाग) ते लंडन अशी कोळशाची ने-आण त्यावरून होई. बोट घोडा ओढायचा आणि तो ज्या काठावरून चालायचा तो टोपाथ. आपल्यालाही त्यावरूनच चालायचं आहे.

निघण्यापूर्वी

बोगदा, टेकडी, ब्लिसवर्थ गाव आणि लॉक (पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणारं, दोन्हीकडे दरवाजे असलेलं कुंड) असं सगळं धरून साधारण १०-११ किमी होतात. रमतगमत चाललात तर चार तास ठेवा. डिसेंबरात चारच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे हिवाळ्यात सकाळीच निघा. तळव्याला खाचा असलेले बूट घाला. टेकडीवरची माती पावसानंतर तळव्याला लगदा होऊन चिकटते. नॉर्दम्प्टन स्टेशनवरून टॅक्सी सोयीची. बसने जायचं तर वेळापत्रक आधी बघून ठेवा.

आधी बोगदा

जुन्या धान्यगिरणीत १९६३ साली सुरू झालेल्या कालवा संग्रहालयापासून उत्तरेकडे टोपाथ धरा. किलोमीटरभराच्या आतच ब्लिसवर्थ बोगद्याचं तोंड येतं. १८०५ साली खुला झालेला हा बोगदा २,८१३ मीटर लांब आहे. जवळच काँक्रीटचं एक मोठं कडं ठेवलंय. १९८४ मध्ये दुरुस्ती संपली, तेव्हा बोगद्याच्या मधल्या भागाला आतून अशाच कड्यांचं अस्तर दिलेलं होतं.

नवखे इथेच फसतात. टोपाथ आत जात नाही, बोगद्यात नुसतं पाणी आहे. घोडा टेकडीवरून पलीकडे नेत आणि माणसं फळीवर आडवी होऊन भिंतीला पाय लावत बोट ढकलत. १८७१ नंतर वाफेचे टग, म्हणजे दुसऱ्या बोटी ओढणाऱ्या बोटी, आले.

घोड्यांची वाट

तुम्हीही तोंडापासून वर चढणारी घोड्यांची वाट घ्या. कुंपणावरचा पिवळा बाण म्हणजे फक्त पायवाट, निळा म्हणजे घोडे आणि सायकलींनाही मोकळी वाट. शेतात मध्येच विटांचा बुटका मनोरा दिसला, तर तो बोगद्याचा हवेचा झरोका समजा. वाटेचा काही भाग गाडीरस्त्यावरून आहे. पदपथ नसेल तिथे उजव्या बाजूने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला. पलीकडच्या ब्लिसवर्थमध्ये पांढरट चुनखडी आणि तपकिरी लोहदगड यांचे आडवे पट्टे असलेली घरं आहेत. दहा मिनिटं त्यांच्यासाठी ठेवा आणि त्याच वाटेने परता.

मग लॉक

संग्रहालयापासून दक्षिणेला सात लॉक आहेत. सगळे मिळून १७ मीटर उतार, म्हणजे एकेक लॉक सुमारे अडीच मीटरचं. पहिल्या लॉकच्या जोडीला असलेल्या बंद लॉकमध्ये बोट तोलायचा काटा आहे. तो वेल्समधल्या एका कालव्यावरून आणलेला.

बोट येत असेल तर थांबा, घाई करू नका. दरवाजाची दोन पाखं वरच्या पाण्याकडे टोक करून मिटलेली असतात, त्यामुळे पाणीच त्यांना दाबून धरतं. दोन्हीकडची पातळी अगदी सारखी झाल्याशिवाय कितीही जोर लावा, ती हलत नाहीत. बोटवाल्यांनी मदतीला बोलावलं तर पाठ दरवाजाच्या लांब लाकडी तुळईला टेकवा आणि टाचा जमिनीत अर्धगोलात बसवलेल्या उभ्या विटांवर रोवा. हाताने ढकलू नका, ते पायाचं काम आहे. पाणी सोडायची झडप ज्या विंडलासने उचलतात, ती लोखंडी मूठ मात्र त्यांच्याच हाती राहू द्या. खिट्टी निसटली तर मूठ गरागरा फिरते आणि मनगट मोडते.

लॉकच्या ओल्या दगडी काठावरून मुलांचा हात सोडू नका. रिकाम्या लॉकच्या भिंती निसरड्या असतात आणि पाणी खोल. खाली बांधलेल्या बोटींच्या दोरांवरही लक्ष असू द्या. खुंट्या गवतात दिसत नाहीत. मागून सायकलची घंटी वाजली तर पाण्याकडे न सरता कुंपणाकडे सरा.

शेवटच्या लॉकपासून मागे फिरताना चढ लागतो, पण तो जाणवण्याइतका नाही. वर पोहोचल्यावर कालव्याकाठी बोट इन हा पब आहे. चहा तिथेच घ्या.