रशियातील एकाच नावाची शहरे आणि गावे : या चुका टाळा

रशियात शिकायला निघालेला विद्यार्थी, त्याला पार्सल पाठवणारे आईवडील, तिथल्या कारखान्याशी पत्रव्यवहार करणारा व्यावसायिक किंवा रशियाच्या इतिहासावर मराठीत लिहिणारा लेखक, या सर्वांची कधी ना कधी एकाच नावाच्या दोन गावांशी गाठ पडते. त्यातून होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते, ते म्हणजे गावाचे नाव हाच पत्ता असे धरून चालणे. रशियात गावाच्या नावाला प्रांताच्या, म्हणजे ओब्लास्तच्या, नावाची जोड दिल्याशिवाय पत्ता पुरा होत नाही आणि खेड्याच्या बाबतीत तर प्रांताखालच्या जिल्ह्याचे नावही सांगावेच लागते.

नावाचा दुसरा भाग गाळणे

सर्वाधिक घोळ रोस्तोव्ह या नावाने होतो. पहिले रोस्तोव्ह यारोस्लाव्हल प्रांतात, नेरो सरोवराच्या काठी आहे. जुन्या बखरीत त्याचा उल्लेख इ.स. ८६२ पासून सापडतो आणि सतराव्या शतकातील क्रेमलिन, म्हणजे तटबंदीचा बालेकिल्ला, तिथल्या घंटा व मीनाकाम पाहण्यासाठी पर्यटक आजही तिथे जातात. मात्र गाव लहान, वस्ती जेमतेम तीस हजारांच्या आसपास. दुसरे रोस्तोव्ह डॉन नदीवर वसलेले, दहा लाखांहून अधिक वस्तीचे महानगर, ज्याची सुरुवात १७४९ मध्ये जकात नाक्यापासून झाली. १७६१ मध्ये तिथे किल्ला उभारण्यास आरंभ झाला, तेव्हा त्याला संत दिमित्री रोस्तोव्हस्की यांचे नाव देण्यात आले. हे संत जुन्या रोस्तोव्हचे मुख्य धर्माधिकारी होते आणि त्यांच्या नावावाटे जुन्या गावाचे नाव दक्षिणेतल्या नव्या शहराला मिळाले.

दोन्ही रोस्तोव्ह नकाशावर जवळपास एकाच रेखांशावर आहेत आणि त्यांच्यात उत्तर-दक्षिण सुमारे १,१०० किलोमीटरांचे अंतर आहे. घड्याळ दोन्हीकडे मॉस्कोचेच असल्यामुळे वेळेवरूनही चूक लक्षात येत नाही. म्हणूनच तिकीट काढताना स्थानकाचे पूर्ण नाव वाचावे. जुन्या गावाचे स्थानक रोस्तोव्ह-यारोस्लाव्हस्की, तर डॉनकाठच्या शहराचे मुख्य स्थानक रोस्तोव्ह-ग्लावनी. पिनकोडवरूनही खात्री करता येते, कारण जुन्या गावाचा क्रमांक १५२ ने सुरू होतो आणि महानगराचा ३४४ ने.

याच जोडीत आणखी एक अवघड जागा आहे, जिथे सावध माणूसही फसतो. ‘रोस्तोव्ह प्रांत’ हा डॉनकाठच्या शहराचा प्रांत आहे, परंतु ‘रोस्तोव्ह जिल्हा’ यारोस्लाव्हल प्रांतात, म्हणजे जुन्या गावाभोवती आहे. कागदावर नुसते ‘रोस्तोव्हस्की’ किंवा ‘रोस्तोव्हस्काया’ असे विशेषण दिसले, तर पुढचा शब्द जिल्हा आहे की प्रांत, हे वाचल्याखेरीज पुढे जाऊ नये.

नोव्हगोरोदचीही हीच गत आहे. वेलिकी नोव्हगोरोद वायव्येस वोल्खोव्ह नदीवर आहे, तर निझनी नोव्हगोरोद मॉस्कोच्या पूर्वेस, ओका आणि व्होल्गा यांच्या संगमावर. दोहोंमध्ये साधारण ८०० किलोमीटर अंतर आहे. दोन्ही ठिकाणी वैद्यकीय शिक्षणाची सोय आहे आणि भारतीय विद्यार्थी तिथे जातात, त्यामुळे प्रवेशपत्रावर केवळ ‘नोव्हगोरोद’ वाचून विमानाचे किंवा रेल्वेचे तिकीट काढणे धोक्याचे ठरते. जुन्या पुस्तकांत तर अडचण वाढते, कारण वायव्येच्या शहराचे अधिकृत नाव १९९९ पर्यंत नुसते नोव्हगोरोद होते आणि पूर्वेचे शहर १९३२ ते १९९० या काळात गोर्की म्हणून ओळखले जाई. म्हणून गेल्या शतकाच्या सहाव्या-सातव्या दशकातील मजकुरात बिनविशेषणाचे नोव्हगोरोद आले, तर ते वोल्खोव्हवरचे समजावे.

जोडीतले एक गाव बंद आहे का, हे न पाहणे

ही चूक सर्वांत महागात पडू शकते. लष्करी किंवा अणुउद्योगाशी संबंधित काही शहरे रशियात आजही ‘बंद’ आहेत, म्हणजे त्यांच्याभोवती पहारा असतो आणि बाहेरच्या माणसाला, विशेषतः परदेशी नागरिकाला, विशेष परवानगीशिवाय प्रवेश मिळत नाही. सोव्हिएत काळात अशी अनेक शहरे नकाशावर दाखवलीच जात नसत. जवळच्या मोठ्या शहराचे नाव आणि पुढे आकडा, अशी त्यांची टपालापुरती ओळख असे. पुढे त्यांची खरी नावे उघड झाली, तेव्हा त्यांतील काही नावांची शहरे देशात आधीपासून होती असे सर्वांसमोर आले.

झेलेझ्नोगोर्स्कचे उदाहरण घ्या. कुर्स्क प्रांतातले झेलेझ्नोगोर्स्क लोहखनिजाच्या खाणीभोवती वाढलेले खुले शहर आहे. सैबेरियातील क्रास्नोयार्स्कजवळचे झेलेझ्नोगोर्स्क पूर्वीचे क्रास्नोयार्स्क-२६, आणि ते बंद आहे. मीर्नी या नावाचेही तसेच. याकुतियातले मीर्नी हिऱ्यांच्या प्रचंड उघड्या खाणीमुळे प्रसिद्ध आहे, तर अर्खांगेल्स्क प्रांतातले मीर्नी प्लेसेत्स्क या अंतराळतळाचे बंद शहर आहे. ओझ्योर्स्क नावाचे एक गाव कॅलिनिनग्राड प्रांतात आहे, दुसरे उरलमध्ये चेल्याबिन्स्क प्रांतात. दुसऱ्या ओझ्योर्स्कमध्ये मायाक हा अणुप्रकल्प असल्याने तेही बंद आहे. अशा नावाचे निमंत्रण किंवा मालाची मागणी आली, तर प्रांत कोणता हा पहिला प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे.

जुने नाव आजच्या नकाशात शोधणे

सोव्हिएत राजवटीने नेत्यांची नावे सढळ हाताने वाटली. सोव्हिएत नेते किरोव्ह यांची डिसेंबर १९३४ मध्ये हत्या झाल्यावर व्याट्का शहराचे नाव किरोव्ह झाले. कालुगा प्रांतातही एक किरोव्ह आहे आणि किरोव्स्क नावाची गावे मुर्मान्स्क व लेनिनग्राड अशा दोन प्रांतांत आहेत. सोव्हेत्स्क तर तीन आहेत, कॅलिनिनग्राड, किरोव्ह आणि तुला या प्रांतांत.

इतिहासाच्या वाचकाला अधिक फसवते ते कुइबिशेव्ह. ऑक्टोबर १९४१ मध्ये मॉस्कोवर जर्मन चालून आले, तेव्हा सरकारी कचेऱ्या आणि परदेशी वकिलाती ज्या कुइबिशेव्हला हलवण्यात आल्या, ते व्होल्गाकाठचे समारा होय. १९३५ ते १९९१ एवढ्याच काळात समाराला ते नाव होते. आज नकाशात कुइबिशेव्ह शोधले तर नोव्होसिबिर्स्क प्रांतातले एक लहान शहर हाती लागते, आणि युद्धकाळातील राजधानी सैबेरियात होती असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

कॅलिनिनग्राडबाबतही दक्षता हवी. बाल्टिक किनाऱ्यावरच्या कोनिग्जबर्गला हे नाव १९४६ मध्ये मिळाले, मात्र मॉस्कोच्या सीमेलगत कॅलिनिनग्राड नावाचे शहर त्याआधीपासून होते आणि त्याचे नाव १९९६ मध्ये बदलून कोरोल्योव्ह करण्यात आले. सोव्हिएत अंतराळ मोहिमांचे नियंत्रण केंद्र या मॉस्कोलगतच्या शहरात होते. १९८४ मध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले त्या मोहिमेवरील जुन्या मजकुरात कॅलिनिनग्राड आले, तर बाल्टिककडे पाहू नये.

खेड्यांचा पत्ता अर्धवट लिहिणे

खेड्यांची नावे तर असंख्य ठिकाणी सारखीच आढळतात. पोक्रोव्हस्कोये, त्रोइत्स्कोये, निकोल्स्कोये ही नावे गावातल्या चर्चवरून पडली, इवानोव्का, मिखाइलोव्का ही माणसांच्या नावांवरून आणि बेर्योझोव्का बर्च झाडांवरून. एका प्रांतात एकाच नावाची अनेक खेडी असणे अगदी नेहमीचे आहे. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द असतात, तसे तिथे बोल्शोये आणि मालोये, म्हणजे थोरले आणि धाकटे, किंवा वेर्खनेये आणि निझनेये, वरचे आणि खालचे, असे शब्द जोडतात. ते शोभेसाठी नसतात, त्यामुळे लिप्यंतर करताना ते गाळू नयेत.

वस्तीचा प्रकारही लिहावा. सेलो म्हणजे पूर्वी चर्च असलेले मोठे गाव, देरेव्न्या म्हणजे चर्च नसलेले लहान खेडे आणि स्तानित्सा म्हणजे कोसॅक या लढवय्या समाजाची वस्ती. एकाच परिसरात त्याच नावाची दोन ठिकाणे असल्यास पुष्कळदा या शब्दानेच ती वेगळी ओळखता येतात.

सोव्हिएत संघात सहा अंकी टपाल क्रमांक १९७१ मध्ये लागू झाला. पुढच्या वर्षी, १५ ऑगस्ट १९७२ रोजी, भारतात श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेला सहा अंकी पिनकोड आला आणि त्यामागेही सारख्या गावनावांचा गोंधळ दूर करण्याचा हेतू होता. रशियन क्रमांकाचे पहिले तीन अंक प्रदेश किंवा मोठे शहर दाखवतात, पुढचे तीन टपाल कार्यालय. तरी एका कार्यालयाच्या हद्दीत अनेक खेडी येत असल्याने केवळ क्रमांकावर विसंबू नये. पाकिटावर गाव, जिल्हा, प्रांत आणि क्रमांक रशियन लिपीत लिहावेत, शिवाय पत्ता देणाऱ्याकडून जवळचे रेल्वे स्थानक विचारून घेऊन ते त्याच जिल्ह्यात पडते का, हे नकाशावर पडताळून पाहावे.