निकेल सल्फाइडचा शोध: या चुका टाळा

अहवालात ०.२५ टक्के निकेल दिसले की खडकात सल्फाइड (धातू आणि गंधकाचे खनिज) आहेच, असे धरणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. ड्युनाइट खडक ज्याचा बनतो त्या ऑलिव्हीन या सिलिकेट खनिजाच्या रचनेतच ०.२ ते ०.३ टक्के निकेल बसलेले असते. चार आम्लांत नमुना पूर्ण विरघळवला की तेही आकड्यात येते. फ्लोटेशनमध्ये, म्हणजे दळलेल्या धातुकातून सल्फाइड बुडबुड्यांवर तरंगवून वेगळे काढताना, ते मात्र हाती लागत नाही. त्यामुळे त्याच नमुन्याचे गंधक मोजून घ्या.

समजा, निकेल ०.६ आणि गंधक २ टक्के आहे. पायरोटाइट, पेंटलँडाइट, चॅल्कोपायराइट या सल्फाइड खनिजांच्या मिश्रणात गंधक साधारण ३६ टक्के धरले, तर नमुन्यात सल्फाइड सुमारे ५.५ टक्के. सिलिकेटांतले ०.२ टक्के निकेल वजा करा, उरलेल्या ०.४ वरून निव्वळ सल्फाइडमधले निकेल सुमारे ७ टक्के येते. वजाबाकी विसरलात तर तोच आकडा ११ च्या घरात जातो आणि गरीब साठा श्रीमंत दिसू लागतो.

पाण्यामुळे ऑलिव्हीनचे सर्पेंटाइन या खनिजात रूपांतर झालेल्या खडकात हा हिशेब डळमळतो. तिथे अवारुआइट हे निकेल-लोहाचे मिश्रधातू खनिज असू शकते आणि त्यात गंधक नसतेच. अशा वेळी पॉलिश केलेला काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी चूक विद्युतचुंबकीय सर्वेक्षणातली. सलग, भरीव सल्फाइड इतके सुवाहक असते की त्यातला प्रेरित प्रवाह फार सावकाश ओसरतो. २५ हर्ट्झवर साध्या कॉइलने मोजले तर उत्तम साठाही निसटू शकतो. वारंवारता १ हर्ट्झच्या आसपास आणा, चुंबकीय क्षेत्र थेट मोजणारा सेन्सर वापरा. उलट ग्रॅफाइटयुक्त शिस्ट (पापुद्र्यांचा रूपांतरित खडक) हाही ठसठशीत संकेत देतो, आणि विखुरलेल्या, एकमेकांना न चिकटलेल्या कणांचा संकेत बहुधा येतच नाही.

अंतर्भेदी खडकाचा (जमिनीखाली इतर खडकांत घुसून थिजलेल्या शिलारसाचा) तळ लागला की ड्रिलिंग थांबवण्याची सवयही वाईट. जड सल्फाइड द्रव खाली उतरतो, भेगांतून शेजारच्या खडकातही शिरतो. रशियातल्या नोरिल्स्कला भरीव धातुक तळाखालच्या अवसादी खडकांत सापडते. कॅनडातल्या व्हॉइसीज बेमध्ये, १९९३ साली लागलेल्या साठ्यात, सल्फाइड शिलारस वाहून आणणाऱ्या डाइकमध्ये (भिंतीसारख्या उभ्या, अरुंद खडकात) आणि ती मोठ्या कोठीला मिळते त्या तोंडाशी साचले आहे. तळानंतर निदान २०-३० मीटर खोदा आणि शिलारसाच्या अशा अरुंद नळ्यांकडे दुर्लक्ष करू नका.

गॉसन (सल्फाइड झिजून पृष्ठभागावर उरलेला गंजट थर) तपासताना केवळ निकेल पाहू नका: पाझरत्या पाण्याने ते धुऊन जाते, तर सल्फाइड नसलेल्या पेरिडोटाइटवरच्या (ऑलिव्हीनयुक्त खडकावरच्या) लॅटेराइटमध्ये, म्हणजे झिजून बनलेल्या तांबड्या मातीत, ते १ टक्क्यावर जाते. तांबे आणि प्लॅटिनम सोबत मोजा.