बोगद्यासाठी खडकाचा मोड्युलस ठरवताना या चुका टाळा

प्रयोगशाळेतून आलेला मोड्युलस, म्हणजे खडक भाराखाली किती ताठर राहतो याचा आकडा, जसाच्या तसा बोगद्याच्या संगणकीय मॉडेलमध्ये टाकणे ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. चाचणीसाठी कोअर बॉक्समधून (ड्रिलने काढलेले खडकाचे नमुने ठेवायची पेटी) सलग, न तुटलेला तुकडाच निवडला जातो. सह्याद्रीतल्या घट्ट काळ्या बसॉल्टचा असा तुकडा 60 गिगापास्कल देऊ शकतो. पण बोगदा जातो तो भेगाळलेल्या खडकातून, आणि भार बदलला की आधी हलतात त्या भेगा. होक आणि डीडेरिक्स यांच्या 2006 च्या सूत्रात हाच दगड घालून पाहा. जीएसआय (खडक किती भेगाळलेला आहे हे पाहून दिलेला निर्देशांक) 60 आणि सुरुंगाची हानी शून्य धरली, तर भेगांसकट खडकाचा मोड्युलस 31 गिगापास्कलच्या आसपास येतो. जीएसआय 50 धरला तर 18, 70 धरला तर 44. फेसवर, म्हणजे खोदाई चालू असलेल्या टोकाशी, उभ्या दोन जाणत्या भूवैज्ञानिकांच्या जीएसआयच्या आकड्यांतही पाच-दहाचा फरक पडू शकतो. म्हणून अहवालात एकच आकडा देऊ नका, पल्ला द्या आणि डिझाइन दोन्ही टोकांना तपासा.

खरा गोंधळ होतो तो याच सूत्रातल्या डी या हानी-गुणांकाचा. टीबीएमने (बोगदा खोदणाऱ्या यंत्राने) किंवा उत्तम नियंत्रित सुरुंगाने खोदले तर डी शून्य. कठीण खडकात वाईट सुरुंगकाम झाले तर 0.8, पण ती हानी बोगद्याभोवती दोन-तीन मीटरपुरतीच असते. संपूर्ण मॉडेलला 0.8 लावले की वरचे 31 थेट 10 वर येतात आणि डोंगर उगाच मऊ ठरतो. हानीचे कडे वेगळे काढा, बाहेरच्या खडकाला शून्य ठेवा.

पाण्याचे गुण आरएमआरमध्ये (खडकाच्या दर्जाला गुण देण्याची दुसरी पद्धत) कापून मॉडेलमध्ये पुन्हा पाण्याचा दाब देऊ नका. आरएमआरवरून जीएसआय काढताना खडक कोरडा धरा आणि भेगांच्या दिशेची वजावट करू नका.

जुनी सूत्रेही जपून वापरा. बिएनियाव्स्कींचे 1978 चे सूत्र, म्हणजे आरएमआरची दुप्पट वजा 100, फक्त 50 च्या वरच्या आरएमआरसाठी आहे; 45 ला ते उणे 10 देते! सेराफिम-परेरा यांचे 1983 चे सूत्र 85 ला 75 गिगापास्कल देते, म्हणजे आपल्या सलग दगडापेक्षाही जास्त. असे उत्तर आले की तिथेच थांबा.

बसॉल्टच्या दोन प्रवाहांमध्ये रेड बोलचा (लाल, मातकट) थर असेल तर सगळ्यांची सरासरी काढू नका. तो मऊ थर मॉडेलमध्ये स्वतंत्र दाखवा, कारण बोगद्याच्या माथ्याजवळ तो आला तर हालचाल तिथेच एकवटते.

मोजलेल्या कन्व्हर्जन्सवरून, म्हणजे बोगद्याच्या भिंती आत किती सरकल्या यावरून, मोड्युलस उलट काढताना एक गोष्ट हमखास निसटते. मोजमापाच्या पिना भिंतीत बसेपर्यंत बरीच हालचाल होऊन गेलेली असते. लवचिक खडकात एकूण हालचालीचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा फेस तिथे पोहोचेपर्यंतच होतो. तो हिस्सा न मिळवता हिशेब केला तर खडक आहे त्यापेक्षा ताठर दिसतो. पिना फेसच्या शक्य तितक्या जवळ बसवा आणि पहिल्या वाचनाच्या वेळी फेस किती मीटर पुढे होता, हे प्रत्येक नोंदीत लिहा.