विहिरीवर ट्रायपॉड लावताना या चुका टाळा

मे महिन्यात गोव्यात सत्तरी, डिचोली, पेडण्यात गाळ काढायला माणसं विहिरीत उतरतात आणि कुणाला तरी दोराने वर काढायची वेळही याच दिवसांत येते. तेव्हा ट्रायपॉड, म्हणजे विहिरीच्या तोंडावर उभी करायची, वर कप्पी असलेली तीन पायांची चौकट, फार मोलाचा. दोर काठावर घासत नाही, जांभ्याचा चिरा सुटून खालच्याच्या डोक्यात पडत नाही, माणूस मधोमध सरळ वर येतो. पण हेच तीन पाय भलत्या दिशेला ओढले तर क्षणात आडवे होतात.

मागे चालत दोर ओढणं

एका पडीक विहिरीवर आम्ही वाळूचं पोतं बांधून सराव करत होतो. वरच्या कप्पीतून आलेला दोर पाच जणांनी धरला आणि रस्सीखेचीसारखे मागे चालू लागले. पोतं पाण्यातून सुटलं आणि त्याच क्षणी पलीकडचा पाय चार बोटं उचलला गेला. रबरी तळव्याला चिकटलेलं हिरवं शेवाळ मला स्पष्ट दिसलं. ओरडून दोर सोडायला लावला, पोतं पाण्यात आदळलं. त्या जागी माणूस असता, या विचाराने रात्रभर झोप लागली नाही.

पोरांची तरी काय चूक? आपल्या अंगात रहाटाची सवय आहे, मागे रेलून ओढायचं. पण रहाटाचे खांब काठात पक्के बांधलेले असतात, ट्रायपॉडचे पाय नुसते टेकलेले.

हिशेब समजून घ्या. जखमी आणि त्याला आणणारा जवान मिळून 160 किलो धरू. दोर कप्पीवरून आडवा ओढला तर ट्रायपॉडच्या डोक्यावर, म्हणजे तिन्ही पाय वर जुळतात तिथे, सुमारे 226 किलोचा जोर येतो, तोही सरळ खाली नाही, 45 अंशांत तिरका. डोकं 2.1 मीटर उंच असेल तर त्या जोराची रेघ जमिनीला मधल्या बिंदूपासून 2.1 मीटरवर टेकते. पाय असतात मीटर-सव्वा मीटरवर. रेघ पायांच्या त्रिकोणाबाहेर गेली की ट्रायपॉड कलंडतो. दोन पायांच्या मधल्या बाजूला तर त्रिकोणाची कड पायाच्या निम्म्याच अंतरावर असते, म्हणून तिकडे ओढणं सगळ्यात वाईट.

उपाय दोन. पहिला, दोर डोक्यावरून एका पायाला लागून खाली आणा आणि तळाशी दुसऱ्या कप्पीतून आडवा वळवा. आता कलंडायची भीती गेली, पण तो पाय माणसांकडे घसरू पाहणार, तेव्हा त्याला मागून पक्कं बांधा. दुसरा उपाय मला जास्त आवडतो. चारपटीची कप्पीजोडी, म्हणजे वजनाच्या चौथ्या हिश्श्याच्या जोरात उचलणारी, डोक्यालाच टांगा आणि ओढायचा दोर सरळ खाली ओढा. घर्षण सोडलं तर डोक्यावर 200 किलो येतात. एकाच कप्पीवरून खाली ओढलं असतं तर 320 आले असते.

पाय मोकळे ठेवणं

वजन आलं की पाय फाकतात. तिन्ही पाय खाली पट्ट्याने एकमेकांना बांधा आणि पट्टा प्रत्येक पायाला वेगळा अडकवा. नुसता भोवती फिरवला तर त्रिकोण वाकडा होतो. शेवाळ खरवडून काढा. आपल्याकडचा जांभा वरून टणक दिसतो, पण त्याखाली मऊ चिकणमाती असते, आणि जुन्या विहिरीचा काठ आतून पोखरलेलाही असतो. पायाखाली जाड फळ्या द्या. उतारावर पाय कमीजास्त करावे लागतात, तेव्हा नजरेवर जाऊ नका. डोक्याला गवंड्याचा ओळंबा लावून तो तीन पायांच्या मधोमध येतो का ते बघा. पायांच्या पिना एकाने लावाव्यात आणि त्या पूर्ण आत गेल्या का, हे दुसऱ्याने हात लावून तपासावं.

दोन्ही दोर एकाच डोक्यावर

सुरक्षेचा दुसरा दोर त्याच ट्रायपॉडला बांधला तर ट्रायपॉडसोबत तोही जातो. त्याला वेगळा आधार हवा. जिवंत, जाड फणसाचं किंवा आंब्याचं खोड चालेल, दोर बुंध्याशी खाली बांधा. गाडीला बांधला तर चाकांना दगड लावा आणि किल्ली प्रमुखाने खिशात ठेवावी.

उंचीचा अंदाजही नेहमी चुकतो. उभं स्ट्रेचर सुमारे दोन मीटर, वर पट्टे, त्यावर कप्पी. एवढं करून खालचं टोक कठड्याच्या वर येत नाही आणि जखमी तोंडाशी लटकत राहतो. रिकामं स्ट्रेचर टांगून आधी बघून घ्या.

पंप काढायची घोडी माणसासाठी वापरू नका, कितीही दणकट दिसली तरी.

आणि हे सगळं हवा तपासल्यानंतर. विहिरीत इंजिनाचा पंप चालला असेल तर धूर तळाशी साठलेला असू शकतो. हवा तपासायचा मीटर दोरीला बांधून वर, मध्ये, तळाशी असं तीन जागी मोजा. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर श्वसनसंचाशिवाय कुणीही उतरायचं नाही, सख्खा भाऊ खाली असला तरी. ट्रायपॉड आणि शिकलेली माणसं हाताशी नसतील तर 101 किंवा 112 वर फोन करा.

शेवटची चूक जखमी वर आल्यावर होते. सगळे त्याच्याकडे धावतात, दोरावरचे हात सुटतात, आणि आपला एक माणूस अजून खाली असतो. दोरावरच्या दोघांची नावं आधीच ठरवा. खालचा माणूस वर येऊन काठापासून दूर उभा राहीपर्यंत त्या दोघांनी जागा सोडायची नाही.