एसीतला गॅस ‘संपत’ नाही
एसी थंड करेनासा झाला की ‘गॅस संपला’ असं सर्रास म्हणतात. पण हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही; बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. घरच्या एसीत कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. तांब्याच्या नळीच्या जोडापाशी धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसला, तर बहुधा तिथेच. आधी गळती काढून घ्या, मग व्हॅक्यूम करून (नळ्यांतली हवा पंपाने ओढून काढून) लेबलवरच्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरायला सांगा. जास्त भरला तरी थंडावा घटतोच! गाडीत रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो, तेवढं चालायचंच. मात्र एसीत आर-१३४ए जातीचा गॅस असलेल्या गाडीत आर-१२३४वायएफ ही दुसरी जात अजिबात मिसळू देऊ नका.