९,९९,९९९ ची कुंडली मांडताना या चुका टाळा

गाडीच्या सहा आकडी मीटरवर सगळी शून्यं येण्याआधी दिसणारी शेवटची संख्या म्हणजे ९,९९,९९९. दिसायला एकसुरी, पण तिचे गुणधर्म लिहायला बसलं की भलेभले घसरतात.

पहिली घसरण विभाजक मोजताना. अवयव पाडणं सोपं आहे: ९९९ × १००१. त्यातले ९९९ म्हणजे २७ × ३७ आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. एकूण ३³ × ७ × ११ × १३ × ३७. इथवर सगळे येतात आणि मग ‘सात मूळ अवयव, म्हणून २ चा सातवा घात, १२८ विभाजक’ असं ठोकून देतात. पण ३ तीनदा आला म्हणून त्याचे पर्याय आठ होत नाहीत. १, ३, ९, २७ हे चारच. म्हणून ४ × २ × २ × २ × २ = ६४. विभाजकांची बेरीज काढतानाही तेच: २७ साठी ४ × ४ × ४ नव्हे, १ + ३ + ९ + २७ = ४०. मग ४० × ८ × १२ × १४ × ३८ = २०,४२,८८०.

स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज संख्येहून मोठी असेल तर ती ‘विपुल’. वरच्या बेरजेतून ती संख्या स्वतः वजा करायला विसरलात, तर १ सोडून जगातली प्रत्येक संख्या ‘विपुल’ ठरेल. इथे वजा करूनही १०,४२,८८१ उरतात, म्हणजे ही खरोखरच विपुल आहे. विषम संख्या विपुल नसते असं कोणी सांगितलं असेल तर ते विसरा. ९४५ पासूनच तशा संख्या सापडतात.

‘९ ने भाग जातो, म्हणजे हर्षद’ ही आणखी एक घाई. भाग ९ ने नाही, अंकांच्या बेरजेने जायला हवा. बेरीज ५४, म्हणजे सम, संख्या विषम. विषय संपला.

देवळालीच्या द. रा. कापरेकर मास्तरांनी ‘हर्षद’ हे नाव दिलं. त्यांच्याच नावाच्या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. ६१७४ हा कापरेकर स्थिरांक: चार अंकी संख्येचे अंक (सगळे सारखे नकोत) उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिलं की शेवटी इथेच पोचतो. कापरेकर संख्या ही वेगळी भानगड: वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की मूळ संख्याच परत यायला हवी. ६१७४ चा वर्ग ३८११८२७६, आणि ३८११ + ८२७६ = १२०८७. म्हणजे ती कापरेकर संख्या नाही. (हर्षद मात्र आहे: १८ × ३४३.) उलट आपली ९,९९,९९९ कापरेकर संख्या आहे, पण स्थिरांकाच्या खेळात निरुपयोगी. सगळे अंक सारखे, त्यामुळे पहिल्याच वजाबाकीत शून्य.

तिचा वर्ग ९,९९,९९,८०,००,००१. आपले स्वल्पविराम पाहून तुकडे पाडू नका. उजवीकडून बरोबर सहा अंक मोजा: ९९९९९८ | ०००००१. सुरुवातीची शून्यं चालतात. बेरीज पुन्हा ९,९९,९९९.

हेच आठ नवांवर एक्सेलमध्ये करून पाहाल तर उत्तर चुकेल. वर्ग हवा ९९९९९९९८०००००००१, पण एक्सेल पंधरा अंकांपुढे शून्य टाकतं. शेवटचा १ गायब, आणि बेरीज ९९९९९९९८. तुमचा हिशोब बरोबरच असतो. पायथॉनमध्ये 99999999**2 लिहा, पूर्णांकच ठेवा, दशांश चिन्ह कुठेही येऊ देऊ नका, म्हणजे तो १ जागेवर दिसेल.