ब्रेकर लागला म्हणजे वीज आली असं नाही: खंडित पुरवठ्याच्या नोंदीत या चुका टाळा

ग्राहकाची वीज सरासरी किती वेळा गेली ते सैफी सांगतो आणि एकूण किती वेळ गेली ते सैडी. हे निर्देशांक काढायला अवघड काहीच नाही. प्रत्येक वेळी वीज गेलेल्या ग्राहकांची बेरीज भागिले एकूण ग्राहक, झाला सैफी. प्रत्येक ग्राहक जितकी मिनिटं अंधारात होता त्यांची बेरीज भागिले एकूण ग्राहक, झाला सैडी. सैडीला सैफीने भागलं की कैडी, म्हणजे एकदा वीज गेली की ती सरासरी किती वेळात परत येते. हे गणित शाळकरी पोरालाही जमेल. तरी महिन्याचा अहवाल चुकतोच, कारण घोळ भागाकारात नसतो, लॉगबुकातून येणाऱ्या आकड्यांत असतो. त्यात २९ तारखेपर्यंत लॉगबुकाला हात न लावणारे बरेच. मग ३० तारखेच्या संध्याकाळी उपकेंद्रातल्या यंत्रचालकाला फोन जातो आणि तो आठवेल ते सांगतो, "सव्वा चारले गेली अन् पाचले आली न साहेब!"

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे उपकेंद्रातला ब्रेकर (लाइन चालू-बंद करणारा मोठा स्विच) लागला ती वेळ 'पुरवठा सुरू' म्हणून लिहिणं. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ऊन तापतं, चारच्या सुमारास धुळीचं वादळ सुटतं आणि सिव्हिल लाइन्ससारख्या झाडांच्या भागात फांद्या तारांवर येतात. समजा, २,४०० ग्राहकांचा ११ केव्ही फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी लाइन, १६:१० ला अर्थ फॉल्टवर (तारेतली वीज जमिनीत उतरल्याने) ट्रिप झाला, आपोआप बंद पडला. १६:२० ला एकदा चार्ज करून पाहिला, टिकला नाही. लाइनमनने मधला एबी स्विच (लाइन मध्येच तोडणारा खांबावरचा स्विच) उघडला, १६:५२ ला ब्रेकर लावला आणि अलीकडच्या १,५०० ग्राहकांना वीज आली. पलीकडे फांदी काढून १८:२५ ला स्विच बंद केल्यावर (म्हणजे लाइन पुन्हा जोडल्यावर) आणखी ७८० जणांना आली. उरली एक डीटीसी, म्हणजे वस्तीचं वितरण रोहित्र. तिचा जंपर (जोडतार) जळालेला, डीओ फ्यूज (रोहित्राच्या ११ केव्ही बाजूचा फ्यूज) उडालेला. ते १२० ग्राहक २१:४० पर्यंत अंधारात.

लॉगबुकात काय लिहिलं जातं? '१६:१० ते १६:५२, ईएफ.' ईएफ म्हणजे अर्थ फॉल्ट. फीडर मीटर आणि स्काडा ही दूरनियंत्रणाची प्रणालीही ४२ मिनिटांनाच दुजोरा देतात, कारण दोघांनाही ब्रेकरच दिसतो. तिघांचं जुळलं म्हणून नवखा इंजिनिअर निश्चिंत होतो. आता गणित करा. १,५०० ग्राहकांची ४२ मिनिटं म्हणजे ६३,००० ग्राहक-मिनिटं. ७८० जणांची १३५ मिनिटं, १,०५,३००. १२० जणांची ३३० मिनिटं, ३९,६००. एकूण २,०७,९००. उपविभागात २४,००० ग्राहक धरले तर या एका घटनेचा सैडी ८.६६ मिनिटं. लॉगबुकाप्रमाणे तो ४.२ मिनिटं येतो, म्हणजे निम्म्याहून कमी. उलट टोकाचीही माणसं आहेत. शेवटची डीटीसी सुरू झाली तीच वेळ सगळ्या २,४०० ग्राहकांना लावली की आकडा ३३ मिनिटांवर जातो. सैफी मात्र तिन्ही हिशेबांत ०.१ च राहतो. म्हणून फक्त सैफी तपासणाऱ्याला ही चूक कधीच सापडत नाही.

यावर उपाय एकच: घटना एक, ओळी तीन. जितक्या टप्प्यांत पुरवठा परत आला तितक्या ओळी लिहायच्या, आणि प्रत्येक ओळीत कोणता स्विच, किती वाजता, त्याच्या मागे किती ग्राहक. त्यासाठी प्रत्येक फीडरचा स्विचनिहाय ग्राहकसंख्येचा तक्ता नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर हवा. स्विचला नंबर द्या. 'शाळेजवळचा एबी' हे नाव एकाच फीडरवर दोन शाळा असल्या की गोंधळ घालतं. लाइनमनने स्विच बंद करताच ग्रुपवर दोन शब्दांचा मेसेज टाकायचा आणि त्या मेसेजमध्येच वेळ लिहायची. मेसेजवर आपोआप पडणारी वेळ वादळात चालत नाही. नेटवर्क परत आलं की अर्ध्या तासाचे मेसेज एकाच मिनिटात येऊन पडतात.

१६:२० च्या त्या अपयशी चार्जिंगला वेगळी खंडितता धरायची का, यावर दर महिन्याला वाद होतो. पुरवठा पाच मिनिटंही टिकला नाही तर ती आधीचीच घटना, घड्याळ चालूच ठेवायचं, ही पद्धत सरळ. काहीही ठरवा, पण एकदाच ठरवून लिहून ठेवा. ज्या महिन्यात जे सोयीचं ते, असं नको.

बॅकफीडचंही असंच. शेजारच्या फीडरवरून शेपटाला (लाइनच्या शेवटच्या भागाला) वीज दिली तर त्या ग्राहकांची खंडितता तिथेच संपली, मूळ ब्रेकर उघडा असला तरी. नंतर तो शेजारचा फीडर ट्रिप झाला तर हे पाहुणेही त्याच्या खात्यात मोजायचे. आणि रात्री लोड परत मूळ फीडरवर घेताना जो बंद घ्यावा लागतो तो जवळपास कोणीच लिहीत नाही.

दुसरी चूक घड्याळाची. एका उपकेंद्रात कमीत कमी तीन घड्याळं असतात: भिंतीवरचं, रिलेमधलं (रिले म्हणजे बिघाड ओळखून ब्रेकर पाडणारं उपकरण) आणि फीडर मीटरमधलं. तिन्ही एक वेळ दाखवतात असं मानून चालणारा माणूस एकतर नवीन आहे किंवा आळशी. स्टेशन बॅटरी बसली की काही रिले तारीखच विसरतात आणि पुढच्या सगळ्या घटना भलत्याच वर्षात नोंदवतात. मीटरचं घड्याळ हळूहळू सरकतं, ते वर्षभर लक्षात येत नाही. मग मीटरच्या नोंदीत वीज आधी जाते आणि रिले नंतर ट्रिप होतो, आणि कोण खरं यावर दोन विभाग पत्रापत्री करत बसतात. दर सोमवारी पहिल्या पाळीत तिन्ही घड्याळं मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहा आणि फरक रजिस्टरमध्ये लिहा. घड्याळ जुळवलं तर आधी किती मिनिटं मागे किंवा पुढे होतं हे लिहिल्याशिवाय जुळवू नका, नाहीतर मागच्या नोंदी दुरुस्त करायचा रस्ताच बंद होतो.

हाताने लिहिलेल्या वेळा खऱ्या आहेत का, हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. महिन्याच्या सगळ्या वेळांचा शेवटचा अंक बघा. खऱ्या नोंदीत ० ते ९ सगळे अंक साधारण सारखे येतात. निम्म्याहून जास्त वेळा ० किंवा ५ वर संपत असतील तर ते पान पाळी संपताना एकाच बैठकीत, एकाच पेनाने भरलंय. दुसरी खूण कालावधीची. आयईईई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १३६६ या मानकात पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तीच दीर्घ खंडितता, त्याआतली क्षणिक. युरोपातल्या बऱ्याच देशांत हीच मर्यादा तीन मिनिटांची आहे, त्यामुळे तिकडच्या आकड्यांशी आपले आकडे जुळवायला जाऊ नका. आपल्यासाठी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाची लागू नियमावली काय म्हणते ते उघडून वाचा, शेजारच्या टेबलवर विचारू नका. तर खूण अशी: कालावधींचा आलेख काढल्यावर चार मिनिटांवर ढीग आणि सहा-सात मिनिटांवर खड्डा दिसला, तर फीडर सुधारलेला नाही, लेखणी सुधारली आहे. असा आकडा मिरवणाऱ्यांचं कौतुक होतं, हे जास्त वाईट.

क्षणिक खंडितता फेकूनही देऊ नका. त्यांच्यासाठी मैफी हा वेगळा निर्देशांक आहे. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत दोन मिनिटांच्या ट्रिपिंगने अख्खी प्रक्रिया थांबते आणि पुन्हा सुरू करायला तास जातात. पाच मिनिटांच्या आत फीडर तीनदा ट्रिप होऊन शेवटी टिकला तर ती एकच क्षणिक घटना, तीन नव्हेत.

मध्यरात्र ओलांडणाऱ्या घटना एक्सेलमध्ये हमखास बिघडतात. २३:४० ला गेली, ००:५० ला आली, म्हणजे ७० मिनिटं. फक्त वेळांची वजाबाकी केली की उत्तर उणे येतं आणि खान्यात नुसती ##### अशी चिन्हं दिसतात. मग कोणी तरी शहाणा उणे चिन्ह काढून टाकतो आणि ७० च्या जागी १,३७० मिनिटं अहवालात जातात. दोन्ही खान्यांत तारीख आणि वेळ एकत्र लिहा, वजाबाकीला १,४४० ने गुणा, मिनिटं मिळतील. मॅक्रोची गरज नाही.

फीडरच्या सैडीची साधी सरासरी काढून उपविभागाचा सैडी म्हणू नका. २०० ग्राहकांच्या फीडरचा २० मिनिटं आणि ५,००० च्या फीडरचा १२० मिनिटं असेल तर उत्तर ७० नाही, ११६ आहे.

कैडी वाढला म्हणून लगेच कोणाला धारेवर धरू नका. छोटी ट्रिपिंग कमी झाली की उरतात त्या मोठ्या घटना, सरासरी वर जाणारच.

उपकेंद्राला न दिसणाऱ्या खंडितता हा तर मोठा खड्डा. डीटीसीच्या एका फेजचा डीओ फ्यूज उडाला तर ब्रेकर लागलेलाच राहतो. डेल्टा-स्टार रोहित्रावर अशा वेळी एका फेजला पूर्ण २३० व्होल्ट मिळतात आणि बाकीच्या दोन फेजना साधारण निम्मे. घरात दिवा मिणमिणतो, कूलरचा पंप गुरगुरतो पण पाणी चढत नाही आणि मोटर तापत राहते. ग्राहक म्हणतो लाइन नाही, नियंत्रण कक्ष म्हणतो फीडर चालू आहे. एलटीचा (रोहित्राच्या लघुदाब बाजूचा) किटकॅट फ्यूज गेला तरी तीच गत. इथे तक्रारीची नोंद हाच एकमेव पुरावा असतो. सुरुवातीची वेळ पहिल्या फोनची धरा, लाइनमन शिडी घेऊन पोहोचला तेव्हाची नव्हे. निम्म्या व्होल्टेजच्या तक्रारी वेगळ्या रकान्यात ठेवा, पण त्या रद्दीत टाकू नका. कोणती डीटीसी पुन्हा पुन्हा फ्यूज उडवते हे त्यातूनच कळतं.

नियोजित बंद गाळू नका, वेगळा दाखवा. जाहीर वेळ १० ते २ आणि वीज आली ३:१० ला, तर ३:१० च लिहा. लाइन क्लिअर (लाइनवर काम करायची परवानगी) परत केल्याची वेळ ही पुरवठ्याची वेळ नसते.

पारेषणच्या (उपकेंद्रापर्यंत वीज आणणाऱ्या यंत्रणेच्या) बाजूने गेलेली वीजही ग्राहकाच्या घरातून गेलेलीच असते. रकाना वेगळा, नोंद तीच.

काटोल, सावनेरकडच्या कृषी फीडरवर ठरलेल्या तासांबाहेरचा बंद खंडिततेत धरू नका, आणि ठरलेल्या तासांतला सोडू नका. रात्रपाळीत दोन तास लाइन गेली आणि बदल्यात सकाळी दोन तास दिली, तरी खंडितता झालीच.

ग्राहकसंख्या बिलिंगमधून महिनाअखेरीची घ्या आणि कायमस्वरूपी खंडित केलेले वगळा. डीटीसी एका फीडरवरून दुसऱ्यावर गेली की त्याच आठवड्यात तक्ता बदला. जुन्या आकड्यांशी तुलना करताना जास्त जपा. नागपुरात महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स हे विभाग २०११ ते २०१९ फ्रँचायझीकडे होते. हद्द, नोंदीची पद्धत आणि ग्राहकांचा आधार एकच आहे याची खात्री नसताना २०१८ आणि २०२० एका आलेखात जोडणं म्हणजे रेघ ओढण्याची हौस.

मोठ्या आपत्तीचे दिवसही मनाने ठरवायचे नसतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. अशा वेळी पाण्यात उभ्या डीटीसी मुद्दाम बंद ठेवाव्याच लागतात आणि तो दिवस वेगळा काढणं रास्त आहे. पण नंतर प्रत्येक गडगडाटाला 'नैसर्गिक आपत्ती' शिक्का मारण्याची सवय लागते. आयईईईच्या पद्धतीत मागच्या पाच वर्षांचे रोजचे सैडी घेतात, शून्याचे दिवस सोडून प्रत्येकाचा नैसर्गिक लॉगॅरिदम काढतात, त्यांच्या सरासरीत प्रमाण विचलनाची अडीच पट मिळवतात आणि उत्तराचा घातांक घेतात. ज्या दिवसाचा सैडी त्या उंबरठ्यापलीकडे गेला तोच मोठा दिवस. तोही अहवालातून काढायचा नाही. दोन आकडे द्यायचे, एक त्या दिवसासह आणि एक त्याच्याशिवाय.